मेंदूच्या प्लॅस्टिसिटीवर संगणकी पीएचडी: बेळगाव-खानापूरकडून निघणाऱ्यांसाठी

पीएचडीला लागलो तेव्हा गावातला पहिला प्रश्न आक्काच्या सासूबाईंचा होता. "म्हंजे मेंदूचा डॉक्टर होणार होय तू?" आक्काने परस्पर उत्तर दिलं, "डॉक्टर होणार, पण तपासायचं न्हाई कुणाला." पाच वर्षं झाली, माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला जमलेली नाही.

मी खानापूर तालुक्यातला. एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी शाळा, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स आणि बीई इलेक्ट्रॉनिक्स बेळगावात. आता दिवसभर संगणकावर सिनॅप्सची मॉडेलं चालवतो. दर वर्षी रिझल्ट लागले की तीन-चार फोन ठरलेले. "दादा, न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायची म्हटलं तर फॉर्म कुठला भरू?" फॉर्मचं पुढे सांगतोच. पण त्याआधी एक जुना, छापून आलेला आलेख स्वतःच्या लॅपटॉपवर पुन्हा काढा, तो मोडून बघा आणि मग फॉर्मला हात लावा. मी उलट्या क्रमाने गेलो आणि त्यात एक वर्ष घालवलं.

पायरी १: विषय घरच्यांना सांगता येऊ दे

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या पेशी. एक न्यूरॉन दुसऱ्याला निरोप देतो ती जागा म्हणजे सिनॅप्स. तिथून निरोप किती जोराने जाणार हे कायमचं ठरलेलं नसतं. वापराप्रमाणे तो जोर वाढतो, घटतो आणि बदलल्यावर टिकतोही. हीच प्लॅस्टिसिटी. तिचा प्लॅस्टिकच्या पिशवीशी संबंध नाही. ओल्या मातीला बोट लावलं की खळगा पडतो आणि बोट काढलं तरी राहतो, त्यातलं ते.

इतिहासातल्या तीन तारखा ठेवा, सुरुवातीला पुरतात. १९४९ मध्ये डोनाल्ड हेब यांनी कल्पना मांडली की एक न्यूरॉन दुसऱ्याला पेटवण्यात, म्हणजे विजेचा ठोका द्यायला लावण्यात, वारंवार हातभार लावत असेल तर त्यांच्यातला दुवा घट्ट होत असावा. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणींशी जोडलेला भाग) तसं घडताना मोजून दाखवलं, आणि तो बदल कित्येक तास टिकला. १९९८ मध्ये बी आणि पू यांनी उंदराच्या पेशी बशीत वाढवून वेळेचा हिशेब लावला. आधीचा न्यूरॉन नंतरच्याच्या काही मिलिसेकंद अगोदर पेटला तर दुवा वाढतो, काही मिलिसेकंद उशिरा पेटला तर घटतो. हा सगळा खेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आसपासचा. या नियमाला एसटीडीपी (स्पाइक-टायमिंग-डिपेंडंट प्लॅस्टिसिटी; स्पाइक म्हणजे पेटण्याचा ठोका) म्हणतात, आणि पुढे तुम्ही तो रोज म्हणणार आहात.

आपलं काम हे सगळं समीकरणात लिहून संगणकावर चालवणं. आपण उंदीर धरत नाही आणि बशीही उचलत नाही. प्रयोग करणाऱ्यांना न दिसणारं असं काही मॉडेलमधून सांगता आलं तर आपला उपयोग, नाहीतर नुसती चित्रं.

पायरी २: वही आणि पेन्सिल

पायथन उघडण्याआधी ही पायरी करा. एक संध्याकाळ पुरते. मला ती कुणी सांगितली नव्हती.

सगळ्यात साधा न्यूरॉन १९०७ सालच्या लापिक यांच्या कल्पनेवर चालतो. त्याला गळकी बादली समजा: वरून पाणी येतंय, खालून गळतंय, पाणी एका खुणेपर्यंत चढलं की बादली उपडी होते. उपडी होणं म्हणजे स्पाइक. आता आकडे घ्या. शांत असताना व्होल्टेज उणे ७० मिलिव्होल्ट. पेटण्याची खूण उणे ५४. पेटल्यावर परत उणे ६० वर. गळतीचा कालांक, म्हणजे गळती किती सावकाश होते त्याचं माप, २० मिलिसेकंद. बाहेरून एवढा करंट सोडा की खूण नसती तर गळती धरूनही व्होल्टेज शेवटी उणे ५० ला जाऊन थांबलं असतं.

एकेक मिलिसेकंदाने पुढे जायचं. दर वेळी उणे ५० पासून आपण किती लांब आहोत ते बघायचं, त्याला २० ने भागायचं आणि तेवढं वर चढायचं. पहिल्यांदा अंतर २०, म्हणजे १ मिलिव्होल्ट चढलो, आलो उणे ६९ वर. आता अंतर १९, चढ ०.९५, आलो उणे ६८.०५ वर. पुढचा चढ ०.९०२५. असं करत गेलात की ३२ व्या ओळीला उणे ५४ ची खूण ओलांडते. लॉगॅरिदम लावून काढलेलं खरं उत्तर ३२.२ मिलिसेकंद. वहीतलं उत्तर इतकं जवळ येतं म्हटल्यावर मला तर टाळीच वाजवावीशी वाटली होती. नंतरचे स्पाइक उणे ६० पासून निघतात, म्हणून ते दर १८ मिलिसेकंदांच्या थोडं वर येत राहतात.

आता मुद्दाम वेळेची पायरी मोठी घ्या, ५० मिलिसेकंदांची, म्हणजे चढही ५० पट. पहिल्याच उडीत तुम्ही उणे २० वर जाल, जिथं व्होल्टेजने जायलाच नको होतं. स्पाइकचा नियम बाजूला ठेवून तसंच पुढे गेलात तर दर उडीला आकडा आणखी भरकटतो. संगणकही याच पद्धतीने गणित करतो, फक्त तो पायरी ०.१ मिलिसेकंदाची घेतो. ती इतकी बारीक का, हे कुणी विचारलं तर आता तुमच्याकडे वही आहे.

बायोलॉजीवाल्यांनी इथे घाबरायचं नाही. लागतं ते पीयूसीचं कॅल्क्युलस, थोडं मॅट्रिक्स, थोडी प्रॉबॅबिलिटी. मॅथ्स सोडून बायोलॉजी घेतलं असेल तर सहा महिने धरा. इंजिनिअरिंगवाल्यांना गणित सोपं जातं, पण ते पेशीला रेझिस्टर-कपॅसिटर समजून मोकळे होतात. मीही झालो होतो. त्यांनी तेच सहा महिने एनएमडीए रिसेप्टर (सिनॅप्सवरचं निरोप घेणारं एक प्रथिन), कॅल्शियम आणि हिप्पोकॅम्पस यांना द्यावेत.

पायरी ३: एक आलेख पुन्हा काढा

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप चालतो. ग्राफिक कार्डासाठी घरात भांडू नका. पायथन टाका, त्यावर ब्रायन टू. हा सिम्युलेटर फुकट आहे आणि समीकरण जवळजवळ वहीत लिहितो तसंच लिहून घेतो. न्यूरॉन आणि नेस्ट नावाचेही आहेत. पेशीच्या फांद्यांसकट बारीक मॉडेल करायचं असेल तर न्यूरॉन, लाखो पेशींचं जाळं करायचं असेल तर नेस्ट. नवख्याने ब्रायनच घ्यावा. तो एककं तपासतो: १० एवढंच लिहून चालत नाही, १० मिलिसेकंद असं लिहावं लागतं. याची किंमत मला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या घरगुती कोडमध्ये एका ठिकाणी सेकंद होते, दुसऱ्या ठिकाणी मिलिसेकंद. दोन दिवस न्यूरॉन जागचा हलला नाही आणि मी बिचाऱ्या एसटीडीपीला शिव्या घालत बसलो.

काढायचा आलेख २००० सालच्या साँग, मिलर आणि ॲबट यांच्या शोधनिबंधातला. एकच न्यूरॉन, त्याला एक हजार उत्तेजक सिनॅप्स, प्रत्येकावर यादृच्छिक वेळी येणारे स्पाइक. सगळ्या सिनॅप्सना एसटीडीपीचा नियम लावायचा आणि थांबायचं. ब्रायनच्या नमुन्यांत याची सोपी आवृत्ती तयार मिळते: एक हजार इनपुट, प्रत्येकी सेकंदाला सरासरी १५ स्पाइक, १०० सेकंद चालवायचं. ती आधी नुसती चालवा. मग फाइल बंद करून कोऱ्या पानावर स्वतः लिहा. पहिलं दहा मिनिटांचं काम, दुसरं दहा दिवसांचं.

शेवटी सिनॅप्सच्या जोराचा हिस्टोग्राम काढा. सुरुवातीला जोर सगळीकडे पसरलेला असतो. शेवटी दोन ढीग दिसतात, एक शून्यापाशी, एक कमाल मर्यादेपाशी, मध्ये जवळजवळ मोकळं मैदान. कुणी शिकवलेलं नाही, बक्षीस दिलेलं नाही. प्रत्येक सिनॅप्सने फक्त आपल्यापुरती वेळ बघितली आणि हजारांत दोन तट पडले. तो आलेख पहिल्यांदा माझ्या स्क्रीनवर आला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. उठवून दाखवायला घरात कोणी नव्हतं.

इथे एक कानमंत्र. आमच्याकडे मिरगापासून पुढचे तीन-चार महिने लाइटचा भरवसा नाही. एका पावसाळ्यात मी रात्रभर चालणारं सिम्युलेशन लावून झोपलो. लॅपटॉपची बॅटरी मरायला टेकलेली होती, पहाटे लाइट गेली, आणि अकरा तासांचं काम गेलं, कारण मी निकाल फक्त शेवटी सेव्ह करत होतो. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी निकाल फाइलमध्ये जातो. सोबत यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्या आकड्यापासून ते सुरू होतात तो) आणि कोडची आवृत्तीही जाते. बीज लिहून ठेवलं नाही तर तोच आलेख पुन्हा तस्साच येत नाही, मग गाइडसमोर "काल आला होता सर" म्हणायची वेळ येते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट पहिल्या दिवसापासून वापरा.

पायरी ४: आलेख मोडा

ही पायरी मी गाळली होती. त्याची गोष्ट सांगतो.

माझी पहिली मुलाखत. संस्थेचं नाव राहू दे. मी तो दोन ढिगांचा आलेख छापून नेला होता आणि त्याबद्दल छाती फुगवून बोलत होतो. समोरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुमच्या नियमात घटण्याची बाजू वाढण्याच्या बाजूपेक्षा पाच टक्क्यांनी मोठी आहे. १.०५. का?" मी म्हणालो, "मूळ पेपरमध्ये तसंच आहे." त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. बाकीची वीस मिनिटं सभ्यपणात गेली. निकाल मला तिथेच कळला होता.

रात्रीच्या गाडीने घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी १.०५ च्या जागी ०.९५ टाकलं. जवळपास सगळे सिनॅप्स कमाल मर्यादेला जाऊन चिकटले आणि न्यूरॉन बेभान होऊन पेटत राहिला. तेव्हा अक्कल आली. इनपुट आणि आउटपुट यांचा काही संबंध नसेल, तर आधी-नंतरच्या जोड्या दोन्ही बाजूंना सारख्याच पडतात. घटण्याची बाजू किंचित जड असली की अशा निव्वळ योगायोगाच्या सिनॅप्सची झीज होते. आउटपुट पेटवण्यात ज्यांचा खरंच हात आहे तेच त्या झिजेतून तगतात. पाच टक्के छोटे दिसतात, पण सगळं मॉडेल त्यांच्यावर उभं आहे.

तेव्हा आलेख आला की प्रत्येक आकड्याला धक्का मारा. २० मिलिसेकंदांची खिडकी ५ करा, ५० करा. कमाल मर्यादाच काढून टाका. इनपुटचा दर दुप्पट करा. प्रत्येक वेळी चालवण्याआधी वहीत लिहा की काय होईल असं वाटतं, मग चालवा. अंदाज चुकलेली पानं दुमडून ठेवा. माझ्या वहीत तशी चौदा पानं होती आणि दुसऱ्या मुलाखतीत मी त्यातली दोनच दाखवली.

हे करताना तुम्ही आपोआप या विषयाच्या जुन्या दुखण्यापाशी पोचता. हेबचा नियम स्वतःवर सोडला तर तो उधळतो: दुवा घट्ट झाला म्हणून जास्त पेटलं, जास्त पेटलं म्हणून आणखी घट्ट. लगाम कोण घालतं? १९८२ मध्ये बिनेनस्टॉक, कूपर आणि मन्रो यांनी सरकत्या उंबरठ्याचा नियम सुचवला. फार पेटणाऱ्या पेशीला पुढे घट्ट होणं महाग पडतं. १९९८ मध्ये जीना टुरिजिआनो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशी आपले सगळे सिनॅप्स एकाच प्रमाणात खालीवर करून स्वतःचा दर सांभाळतात. अडचण अशी की हे सांभाळणं तासांत, दिवसांत चालतं आणि उधळणं मात्र सेकंदा-मिनिटांत. आग विझवायला बंब दुसऱ्या दिवशी येणार असेल तर घर वाचतं कसं? या प्रश्नावर अजून पोटभर काम शिल्लक आहे.

पायरी ५: प्रश्न बारीक करा

"मेंदू कसा शिकतो यावर पीएचडी करायचीय" असं म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो आणि बारीक करायला बसवतो. माझाच नमुना देतो, आपल्या भागातला आहे.

बेळगावच्या बाजारात भाजीवाली कन्नडमध्ये "कोडु" म्हणते तेव्हा ती "दे" म्हणत असते. त्यातला ओ आखूड. तोच ओ लांबवला की "कोडु" म्हणजे शिंग. मराठीत ए आणि ओ यांच्या लांबीवरून अर्थ बदलत नाही, म्हणून पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाला दोन्ही एकच ऐकू येतात. गल्लीत कन्नड पोरांबरोबर खेळलेल्या माझ्या भाच्याला फरक लगेच कळतो, आणि तो मामाचे उच्चार दुरुस्त करतो. एकाच रक्ताचे दोन कान, घडण वेगळी. याहून सुंदर प्लॅस्टिसिटी मला कुठं दिसलेली नाही.

म्हणून मी गाइडकडे "सीमाभागातल्या द्विभाषिक मुलांचा मेंदू" असा विषय घेऊन गेलो. ते हसले नाहीत, एवढे ते भले. फक्त म्हणाले, "यात किती न्यूरॉन आहेत?" मग खाली उतरणं सुरू झालं. मूल काढलं. भाषा काढली. अर्थ काढला. उरले दोन आवाज, ज्यांच्यात फक्त लांबीचा फरक, समजा १०० मिलिसेकंद आणि २०० मिलिसेकंद. आणि उरला एक नियम, ज्याची नजर २० मिलिसेकंदांपलीकडे जात नाही: ४० मिलिसेकंदांच्या अंतराला एसटीडीपीचा परिणाम कमाल परिणामाच्या साधारण साडेतेरा टक्के उरतो, १०० ला एक टक्काही नाही. मग प्रश्न असा झाला: इतक्या जवळचं बघणाऱ्या नियमाने चालणारं जाळं इतक्या लांबचा फरक शिकेल कसं?

आता यावर मॉडेल होतं. काहीतरी मधल्या काळात आठवण धरून ठेवायला हवं. एनएमडीएचा करंट शंभरेक मिलिसेकंद रेंगाळतो, तो धरेल? वारंवार वापरलेला सिनॅप्स तात्पुरता थकतो आणि शेकडो मिलिसेकंदांनी ताजा होतो, तो थकवाच घड्याळाचं काम करेल? की पेशी एकमेकींना निरोप फिरवत ठेवतील? तीन उमेदवार. एकेकाला बंद करून बघायचं. आणि शेवटी प्रयोगवाल्यांना सांगता येईल असं वाक्य हवं: अमुक औषधाने अमुक करंट रोखला तर हा फरक शिकणं बंद पडलं पाहिजे. असं वाक्य तुमच्या आराखड्यात नसेल तर अजून बारीक करा.

भाच्याचं नाव माझ्या प्रबंधात कुठेच नाही. याचं त्याला वाईट वाटतं.

पायरी ६: दारं

आता फॉर्म. बीई-बीटेकवाल्यांना गेट हे सरळ दार आहे. परीक्षा फेब्रुवारीत, स्कोअर तीन वर्षं चालतो. एमएस्सीवाल्यांनी सीएसआयआर नेट धरावी, ती वर्षातून दोनदा होते, आणि बीई झालेल्यांनाही तिला बसता येतं. फिजिक्सकडून येणाऱ्यांसाठी जेस्ट, बायोलॉजीकडच्या संशोधन संस्थांसाठी जेजीबिल्स. एका दारावर अडून बसू नका, वर्षात दोन तरी द्या.

संस्था बघायच्या तर आपल्याला दोन दिशा जवळच्या. दक्षिणेला बंगळूर: भारतीय विज्ञान संस्था आणि एनसीबीएस (जीवशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र). रात्री बेळगावात गाडीत बसलं की सकाळी तिथं. एनसीबीएसमध्ये उपिंदर भल्ला यांच्या गटाने सिनॅप्समधल्या रसायनांच्या जाळ्याची मॉडेलं कितीतरी वर्षं केली, मूस नावाचा सिम्युलेटर तिथलाच. स्मृती आणि प्लॅस्टिसिटी यांच्या संगणकी अभ्यासाची कॅम्प नावाची उन्हाळी कार्यशाळाही तिथेच सुरू झाली. जाहिरात आली की अर्ज टाकाच. उत्तरेला पुण्याचं आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था), तिथंही सिनॅप्सच्या मॉडेलवर काम चालतं. लांब जायची तयारी असेल तर आयआयटी मद्रास आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. बाहेर पडणं शक्य नसणाऱ्यांनी न्यूरोमॅच अकॅडमीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि एनपीटीईएलची व्याख्यानं बघावीत. न्यूरोमॅचचं साहित्य फुकट खुलं आहे.

नोकरी सांभाळून इथेच व्हीटीयूच्या (बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) एखाद्या संशोधन केंद्रात पीएचडी करणारे माझे दोन मित्र आहेत, दोघेही लेक्चरर. वाईट पर्याय नाही. फक्त गाइड इमेज प्रोसेसिंगचा आणि विषय सिनॅप्सचा, अशी मोट बांधू नका. बाहेरचा, न्यूरोसायन्स जाणणारा सहमार्गदर्शक आधी मिळवा, नोंदणी मग करा.

पायरी ७: कागदपत्रं

आपल्याकडे हे प्रकरण जरा जास्त गुंतागुंतीचं. एसएसएलसी मार्क्स कार्डावर आद्याक्षर पुढे, आधारवर नाव-वडील-आडनाव, आणि गावावरून पडलेल्या आडनावाची स्पेलिंगं तीन. सगळीकडे एसएसएलसीचं नाव प्रमाण धरलं जातं, बाकीची त्याला जुळवून घ्या. प्रवेशाच्या आठवड्यात ही धावपळ करू नका.

जातीच्या दाखल्याचं तर नीट ऐका. कर्नाटकाची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. राज्यात ज्या गटाचा लाभ मिळाला तो केंद्राच्या ओबीसी यादीत असेलच असं नाही. आधी केंद्राच्या यादीत नाव बघा. असेल तर तहसीलदारांकडून केंद्राच्या नमुन्यातला दाखला घ्या, नसेल तर ईडब्ल्यूएसमध्ये बसतो का ते बघा. आणि महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांचं विचारणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रातल्या काही अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी वेगळी तरतूद आहे, पण आयसर, आयआयटी, एनसीबीएस या संस्थांत प्रवेश देशपातळीवर होतो. पुण्यात असली तरी आयसर केंद्राचीच. तिथं तुमचं गाव कुठल्या राज्यात मोडतं याने फरक पडत नाही. एकदा तरी.

पायरी ८: गाइडला मेल

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट अबाउट ब्रेन" असली मेल दिवसाला किती येत असतील देव जाणे. मीही चाळीस जणांना पाठवली होती, एकच मजकूर, नुसतं नाव बदलून. एकात नाव बदलायचं राहिलं. उत्तरं आली दोन, तीही जागा नसल्याची.

चालली ती मेल आठ ओळींची होती. तुमच्या अमुक शोधनिबंधातला तिसरा आलेख मी पुन्हा काढला. जुळला. पण इनपुटचा दर वाढवला तेव्हा माझ्याकडे असं झालं, तुमच्याकडे मजकुरात तसं म्हटलेलं नाही. माझं कुठं चुकतंय? सोबत कोडचा दुवा. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि चूक माझीच होती. त्याने काही बिघडलं नाही, बोलणं सुरू झालं. कोड कुठून मिळवायचं, तर मॉडेलडीबी नावाच्या खुल्या संग्रहात हजाराहून जास्त छापील मॉडेलं ठेवलेली आहेत.

गाइड पक्का करण्याआधी शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) जाऊन त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. नोंदणी आणि सादर करणं यांत किती वर्षं गेली ते मोजा. मग त्या गटातल्या विद्यार्थ्यांपैकी एकाशी फोनवर बोला. मेलवर कुणी खरं लिहीत नाही.

मुलाखतीला मराठी शाळेचं दडपण नको. माझं इंग्रजी अजूनही अडखळतं. फळ्यावर एसटीडीपीची वक्ररेषा काढून अक्षांना नावं आणि एककं देणारा अडखळला तरी चालतो. घरी मराठीत कुणाला तरी समजावून सराव करा. मी वडिलांना बादलीचं मॉडेल समजावलं, तर ते म्हणाले, "गळती बंद केली तर?" मुलाखतीतही पुढे हाच प्रश्न आला.

पायरी ९: पैसे

जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,०००, वर नियमाप्रमाणे घरभाडं. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये सुरुवात ७०,००० पासून, पण ती मोजक्यांना. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पहिल्यांदा कोर्सवर्क. आपल्या विषयात पाच धरून चला, घरीही पाचच सांगा. तीन सांगितलीत तर चौथ्या वर्षापासून प्रत्येक लग्नात तुम्हाला हिशेब द्यावा लागेल.

कागदावर महिना असला तरी पैसे महिन्याला येतातच असं नाही. माझी पहिली फेलोशिप पाच महिन्यांनी एकदम आली, तोवर आक्काने दर महिन्याला पैसे पाठवले. निघताना चार महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि मेसची सोय गाठीला ठेवा, आणि बँक खातं, आधार, संस्थेतली नोंद या तिन्हीतलं नाव एकच आहे ना ते पहिल्या आठवड्यात बघा. माझे पाच महिने एका जोडाक्षराच्या स्पेलिंगवर अडले होते.